थरांच्या सिरॅमिक क्राउनचे टवके का उडतात? या चुका टाळा

झिर्कोनियाच्या (पांढऱ्या, फार कठीण सिरॅमिकच्या) सांगाड्यावर पोर्सिलेन चढवलेला क्राउन, म्हणजे दातावरची कॅप, मोडून परत आला, की दातांचे डॉक्टर लॅबला बोल लावतात, लॅब डॉक्टरांना लावते आणि शेवटी दोघे मिळून रुग्णाने सुपारी फोडली असणार असे ठरवून मोकळे होतात. जळगाव-धुळ्याकडून आमच्या टेबलावर येणारे असे क्राउन भिंगाखाली धरले, तर बहुतेकांत झिर्कोनिया शाबूत असते, तिच्यावर पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा चिकटून राहिलेला असतो आणि तडा त्या थराच्या आतूनच गेलेला दिसतो. म्हणजे जोड सुटलेला नसतो, थरच फुटलेला असतो. झिर्कोनियाची वाकताना टिकण्याची ताकद साधारण ९०० ते १२०० मेगापास्कल, तर वरच्या पोर्सिलेनची जेमतेम १०० च्या आसपास. त्यामुळे थरात ताण कोंडला गेला, की सांगाडा कितीही भक्कम असला तरी उपयोग होत नाही.

सर्वांत जास्त नुकसान थंड करण्याच्या घाईने होते. धातूच्या क्राउनवर हात बसलेले कारागीर तीच सवय झिर्कोनियाला लावतात. पण झिर्कोनिया उष्णता फार सावकाश सोडते. भट्टी एकदम उघडली, की पोर्सिलेनचा बाहेरचा भाग आधी कडक होतो आणि आतला अजून नरम असतो. तो मागाहून आकसू लागतो तेव्हा बाहेरचे कवच त्याला मोकळेपणी आकसू देत नाही. परिणामी पृष्ठभागावर दाब आणि आत ताण अडकून बसतो, आणि पोर्सिलेन दाब सोसते, ताण सोसत नाही. क्राउन बसवताना यातले काहीच दिसत नाही. पुढे चावून पृष्ठभाग झिजला किंवा डॉक्टरांच्या खुर्चीवर घासला गेला, की बारीक तडा दाबाचा भाग ओलांडून आत शिरतो आणि मग त्याला अडवणारे काही उरत नाही.

अमळनेरकडच्या एका शेतकरी काकांच्या दाढेचे असेच झाले. "खिचडी खाता खाता कॅप तुटी गयी, डॉक्टर," असे ते सांगत होते आणि त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते. त्याच लॅबने करून दिलेला दुसरा क्राउनही त्याच कोपऱ्यात उडाला, तेव्हा लॅबमालकाने पोर्सिलेनच्या पावडरीला दोष दिला आणि मला बोलावले. भर मे महिना होता. खोली लहान, खिडकीत डेझर्ट कूलर, त्याच्या झोतात भट्टी. प्रोग्रॅम धातूच्या क्राउनचा लावलेला. शेवटचे ग्लेझ (चकाकीची भाजणी) झाले, की भट्टी पूर्ण उघडायची आणि कामाला ठेवलेला मुलगा लालसर ट्रे चिमट्याने उचलून थेट कूलरसमोरच्या ओट्यावर ठेवायचा, कारण संध्याकाळच्या एसटीने पार्सल निघायचे असे. त्या मुलाला बोलण्यात अर्थ नव्हता. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. पावडर तीच, हात तेच ठेवून फक्त थंड होण्याचा वेळ वाढवला आणि कूलरचे तोंड फिरवले. काकांचा तिसरा क्राउन अजून जागेवर आहे.

माझी स्वतःची सवय अशी, की शेवटच्या भाजणीनंतर पारा ५०० अंशांखाली उतरल्याशिवाय मी भट्टी उघडत नाही. पावडरीच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर अर्थात तोच पाळावा. भाजणी चालू असताना वीज गेली, तरी आत डोकावण्याचा मोह आवरावा. उन्हाळ्यात व्होल्टेज खालीवर होते त्या गावांत भट्टीच्या पडद्यावरील आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये: चांदी ९६२ अंशांना वितळते, म्हणून चांदीच्या तारेची चाचणी अधूनमधून करून पाहावी.

दुसरी चूक संगणकावर होते. नवशिके सॉफ्टवेअरने दिलेले अर्ध्या मिलिमीटरचे, सगळीकडे सारख्या जाडीचे, अंगुस्तानासारखे कोपिंग (झिर्कोनियाचा सांगाडा) तसेच स्वीकारतात आणि उरलेली दाढ पोर्सिलेनने भरून काढतात. कस्पखाली (दाढेच्या टोकाखाली) मग तीन-तीन मिलिमीटर पोर्सिलेन निराधार लोंबकळते. आधी दाढेचा पूर्ण आकार आखावा आणि त्यातून पोर्सिलेनपुरती एक ते दीड मिलिमीटर जागा कोरून काढावी. कस्प आणि कडेचे उंचवटे यांच्याखाली झिर्कोनियाचा आधार आलाच पाहिजे. पोर्सिलेन कुठेही दोन मिलिमीटरांपेक्षा जाड नको. या कामाला थोडा जास्त वेळ लागतो, आणि नेमका तोच कोणाला द्यायचा नसतो. शेवटच्या दाढांना, विशेषतः रात्री दात खाणाऱ्या रुग्णांना, मी थराचा क्राउन करायला सरळ नकार देतो. तिथे अखंड झिर्कोनिया बरी. तिथली छटा पाहायला कोण जाणार आहे?

धातूच्या क्राउनसाठीची पोर्सिलेन पावडर झिर्कोनियावर वापरू नये. झिर्कोनियाचा प्रसरणांक (तापल्यावर फुगण्याचे प्रमाण, दर अंशाला दशलक्षांशांत) सुमारे १०.५ असतो आणि तिची पावडर त्याहून किंचित कमी लागते. धातूच्या क्राउनची पावडर १३ च्या घरात असते, त्यामुळे ती थंड होतानाच ताणली जाऊन तडकते. सँडब्लास्टिंग (सांगाड्यावर बारीक कणांचा झोत मारणे) जोरात करू नये. डॉक्टरांनी क्राउनसाठी दात घासून लहान करताना त्यावर धारदार कोपरे ठेवू नयेत.

राहता राहिले खुर्चीवरचे घासणे. बाइट उंच लागला, म्हणजे दात मिटताना क्राउन आधी टेकला, की कोरड्या, जाड डायमंड बरने (घासण्याच्या फिरत्या टोकाने) दोन हात मारायचे आणि रुग्णाला घरी पाठवायचे, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही. बारीक डायमंड, पाण्याची धार, हलका हात आणि त्यानंतर रबर पॉलिशरने टप्प्याटप्प्याने चकाकी, इतके तरी करावेच. घासणे जास्त झाले असेल आणि क्राउन अजून सिमेंट केलेला नसेल, तर तो पुन्हा ग्लेझसाठी लॅबला पाठवावा. बसलेल्या क्राउनचा एखादा लहान टवका उडाला असेल आणि झिर्कोनिया उघडी पडली नसेल, तर कड गुळगुळीत करून पॉलिश केले तरी बहुधा भागते. अशा वेळी सगळा क्राउन कापून काढू नये.