आउट काढता काढता: सायकल मेकॅनिक होऊ पाहणाऱ्यांसाठी

काम शिकायला येणारी मुलं पहिल्या दिवशी हमखास गिअरपाशी जाऊन उभी राहतात. मी त्यांना चाकापाशी नेतो. मोडीत निघालेलं एक जुनं चाक आणि स्पोकचा पाना हातात देतो आणि सांगतो, सगळे स्पोक सोडव, हब आणि रिम वेगळे कर, मग पुन्हा बांध. बहुतेकांना अख्खा दिवस लागतो आणि शेवटी चाक अंड्याच्या आकाराचं होतं. त्याने काही बिघडत नाही. बावीस वर्षं हे काम केल्यावर माझी खात्री झाली आहे की ज्याने आधी सावकाश काम केलं, त्याचाच हात पुढे घाईत चालतो. मी स्वतः उलट्या क्रमाने शिकलो आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजली, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवातीची दोन वर्षं मी पंक्चर काढली, ब्रेकचे पॅड बदलले, चेनी बदलल्या. दुकान याच कामांवर चालतं, तेव्हा त्यांना हलकं समजू नका. चेनचंच घ्या. चेनच्या एका कडीची लांबी १२.७ मिमी, म्हणजे २४ कड्या ३०४.८ मिमी भरल्या पाहिजेत. पिना झिजल्या की ही लांबी वाढते. ती ३०६.३ मिमीच्या पुढे गेली, म्हणजे अर्धा टक्का वाढली, की अकरा-बारा गिअरवाल्या सायकलची चेन मी बदलायला सांगतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण चेन तशीच ठेवली तर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा गट, आणि पुढची चक्रं तीच खाऊन टाकते. आट्यांच्या दिशाही पहिल्याच आठवड्यात हाताला समजू द्या. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. आट्यांच्या इंग्लिश पद्धतीच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये (फ्रेममध्ये पेडलच्या दांड्यांचा आस बसतो तो भाग) उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. हे विसरून जोर लावलात तर आटे जातात, आणि फ्रेमचे आटे गेले की दुरुस्ती महागात पडते.

तिसऱ्या वर्षी मला वाटलं, आता चाक बांधता येईल. बायकोच्या सायकलचं मागचं चाक बांधलं. स्टँडवर लावून आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढला, दोन्ही बाजूंनी बघितलं, रिम रेषेत फिरत होतं. मी खूश झालो. चार महिन्यांत डाव्या बाजूचा एक स्पोक तुटला. तो बदलला, तर पंधरा दिवसांत शेजारचा गेला. तिसरा तुटला तेव्हा ती कामावरून परतत होती आणि रिम ब्रेकला घासत असल्याने सायकल ढकलत घरी आली. स्पोक खूप आवळले गेले म्हणून तुटतात, असं मी धरून चाललो होतो. खरी गोष्ट उलटी होती. ते सैल होते.

हे नीट समजून घ्या, कारण चाकाचं सगळं काम याच्यावर उभं आहे. सायकलवर भार आला की जमिनीलगतच्या भागातले स्पोक सैलावतात आणि चाक पुढे गेलं की पुन्हा ताणले जातात. नेहमीच्या ७०० मापाच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर आहे, म्हणजे एका किलोमीटरला साधारण ४७५ फेऱ्या. दहा किलोमीटरला प्रत्येक स्पोक पावणेपाच हजार वेळा सैलावतो आणि ताणला जातो. मुळातच ताण कमी असेल तर तो खाली येताना अगदी ढिला पडतो, हबच्या फ्लँजमध्ये, म्हणजे स्पोक ओवायच्या कडेच्या चकतीत, हलायला लागतो आणि वाकणापाशी थकून तुटतो. तार हातात वाकव-सरळ केली की तुटते, तसंच. मी आउट काढला होता, ताण बघितलाच नव्हता. वाकडं रिम काही स्पोक जास्त आणि काही कमी आवळूनही सरळ दाखवता येतं. डोळ्यांना ते ठीक दिसतं, पण चाक आतून कच्चं राहतं.

आता मी काय करतो ते सांगतो. ३२ भोकांचं हब असेल तर दर बाजूला १६ स्पोक, म्हणजे फ्लँजवर दोन भोकांमध्ये साडेबावीस अंश. तीन क्रॉस बांधायचं, म्हणजे प्रत्येक स्पोक वाटेत त्याच बाजूचे तीन स्पोक ओलांडतो, तर स्पोक जवळजवळ स्पर्शरेषेत निघतो आणि पेडलचा जोर हबकडून रिमकडे नीट जातो. अशा तिरक्या स्पोकच्या चाकाचं पेटंट जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली घेतलं आणि आजही आपण तेच बांधतो. स्पोकची लांबी मोजण्याआधी रिम स्वतः मोजा. कागदावर छापलेल्या मापावर विसंबू नका. दोन स्पोकना निपल (रिमच्या बाजूने स्पोक आवळायचा छोटा नट) लावून समोरासमोरच्या भोकांत घाला, ताणून धरा आणि मोजा, तेही तीन-चार ठिकाणी. लांबी दोन मिमीने चुकली तरी पुढे त्रास होतो. निपलला तेल लावल्याशिवाय एकही स्पोक चढवू नका. हबवरचं नाव व्हॉल्व्हच्या भोकातून दिसावं, असा पहिला स्पोक ठेवा. त्याने चाकाच्या ताकदीत फरक पडत नाही, पण बांधणाऱ्याचं लक्ष कामात होतं हे कळतं.

मग ताण. स्पोकच्या आट्यांत इंचाला ५६ आटे असतात, म्हणजे निपलच्या एका पूर्ण फेऱ्यात जेमतेम ०.४५ मिमी हालचाल होते. सुरुवातीला अर्धा फेरा, नंतर पाव, शेवटी पावाचाही अर्धा. दर वेळी व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू करायचं आणि पूर्ण गोल फिरून तिथेच यायचं. मध्ये कुणी हाक मारली तरी फेरी अर्धवट सोडायची नाही. मागच्या चाकात चेनच्या बाजूला १०० ते १२० किलोचा ताण मी धरतो. त्या बाजूला कॅसेट बसत असल्यामुळे फ्लँज रिमच्या मध्यरेषेजवळ असतो, म्हणून डावीकडचा ताण त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त येऊ शकतो. म्हणूनच डावी बाजू आधी सैलावते. ताण मोजायचं यंत्र घ्याच, पण कानही तयार करा. एका बाजूचे स्पोक बोटाने छेडत गेलात की बेसूर लगेच ऐकू येतो. पाना फिरवताना तारेला पीळ बसतो, तो सोडवायला थोडं पुढे जाऊन मागे या. शेवटी समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळा. कडकड आवाज येईल. तो ऐकून घाबरू नका, स्पोक आपापल्या जागी बसताहेत. मग पुन्हा आउट काढा, पुन्हा आवळा. आवाज यायचा थांबेपर्यंत.

पहिलं चांगलं चाक मला या कामाच्या पाचव्या वर्षी जमलं. त्याच वर्षी धाकटी बहीण सायक्लोक्रॉस खेळायला लागली.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: शरद ते हिवाळ्यात, गवत, चिखल, वाळू आणि चढांवरून अडीच ते साडेतीन किलोमीटरच्या फेऱ्या मारत ही शर्यत होते. वाटेत जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंचीच्या फळ्या असतात. खेळाडू उतरतात, सायकल उचलतात, पळतात, पुन्हा चढतात. वरच्या गटात पुरुषांची शर्यत सुमारे ६० मिनिटांची, महिलांची ५० च्या आसपास. जागतिक अजिंक्यपद १९५० साली पॅरिसला सुरू झालं आणि पहिलं विजेतेपद ज्याँ रोबिक यांनी घेतलं. महिलांना मात्र २००० सालापर्यंत थांबावं लागलं. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं, कारण ही शर्यत मी बहिणीमुळेच ओळखली.

मेकॅनिकचं महत्त्व या खेळात फार मोठं आहे, कारण सायकल बदलता येते, पण फक्त पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या ठरलेल्या जागेत. मध्येच बिघडली तर खांद्यावर घेऊन पिटपर्यंत पळावं लागतं. पिट बहुधा अशी असते की एका फेरीत ट्रॅक तिच्याजवळून दोनदा जातो. चिखलाच्या दिवशी बहीण दर अर्ध्या फेरीला सायकल बदलायची. म्हणजे मळलेली सायकल घेतली की धुऊन, तेल लावून, तपासून तयार ठेवायला हातात तीन-साडेतीन मिनिटं. पाण्याचा फवारा बेअरिंगवर आडवा मारायचा नाही, ग्रीस धुऊन जातं. ब्रेक दाबून बघायचे. पिटमधून निघाल्यावर चढ असेल तर सायकल हलक्या गिअरवर ठेवून द्यायची.

तिच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडून चूक झाली. पाऊस होता, मी भराभर सायकल धुतली, वरून लखलखीत केली आणि दिली. तीनशे मीटरवर मागचा डिरेलर, म्हणजे दोन छोट्या पुलींवरून चेन फिरवत गिअर बदलणारा भाग, मोडला. पुढची अर्धी फेरी ती सायकल खांद्यावर घेऊन पळाली. परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, पुलीत गवत होतं. मला दिलीस तेव्हाच होतं." मला तोंड वर करून तिच्याकडे बघवेना.

त्या रात्री दुकानात चाक बांधायला बसलो. व्हॉल्व्हच्या भोकापासून फेरी सुरू केली आणि ध्यानात आलं की इथे मी एकही स्पोक कधी चुकवत नाही, कारण सुरुवात आणि शेवट ठरलेला आहे. पिटमध्ये मात्र डोळा जाईल तिथे हात जात होता. तेव्हापासून सायकलभोवतीही तीच फेरी मारतो: पुढचं चाक, त्याचा ब्रेक, हँडल, क्रँक, पुली, मागचं चाक, गिअर, आणि परत पुढचं चाक. हवा अंगठ्याने दाबून बघतो. साडेतीन मिनिटांत ही फेरी निवांत होते, पण ती आधी शांत खोलीत शेकडो वेळा केलेली असावी लागते. पिटमध्ये जायची तुमची इच्छा असेल तर आधी वर्षभर चाकं बांधा, असं मी म्हणतो ते याच्यासाठी.

चाकं आणि हा खेळ एकमेकांत इतके गुंतलेत की एकाचं शिकलेलं दुसरीकडे लगेच लागतं. मोठ्या शर्यतींत टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही, आणि चिखलात त्यात दीड बारच्या आसपास किंवा त्याहूनही कमी हवा ठेवतात. एवढ्या कमी हवेत वळणावर टायर रिमवरून निघू नये म्हणून ट्यूब्युलर, म्हणजे ट्यूब आत शिवलेले, टायर रिमला चिकटवावे लागतात. गोंदाचे पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. घाई केली की टायर निघतो आणि खेळाडू पडतो. २०१० साली सायक्लोक्रॉसमध्ये डिस्क ब्रेकना परवानगी मिळाली, तेव्हा पुढच्या चाकाचं गणितही बदललं. ब्रेकचा जोर आता हबमधून स्पोकमार्फत रिमला जातो, म्हणून पुढचं चाकही क्रॉसमध्येच बांधायला हवं. सतत पाणी खाणाऱ्या या चाकांना मी पितळी निपलच लावतो. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण गंजून अडकले की आउट काढताना पान्याखाली गोल होतात.

आता घराचं. नवे लोक याबद्दल विचारत नाहीत, पण विचारायला हवं. दुकानात गर्दी असते ती उन्हाचे दिवस लांबले की, आणि शर्यती सुरू होतात ती गर्दी ओसरल्यावर. म्हणजे दोन्ही केलंत तर वर्षात मोकळा काळ उरतच नाही. मुलगी झाली त्या वर्षी मी सलग अकरा रविवार बाहेर होतो. बायकोने भांडण केलं नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या अकरा रविवारांना गोल केले आणि शेजारी मुलीने त्या आठवड्यात काय नवं केलं ते लिहिलं. उपडी वळली. बसली. मी ते सगळं वाचूनच कळून घेतलं होतं. त्या कॅलेंडरचं पान मी अजून जपून ठेवलंय.

त्याच्या पुढच्या वर्षापासून आम्ही हंगामाआधी बसून ठरवतो. महिन्यात दोनच रविवार शर्यतीचे. दुकान ठरलेल्या वेळी बंद होतं आणि "पाच मिनिटांचंच काम आहे" म्हणत दाराशी आलेल्या माणसालाही मी उद्या बोलावतो. काही गिऱ्हाइकं गेली, बरीचशी टिकली. पिटच्या कामाचे पैसे फारसे मिळत नाहीत, चाकं बांधून मिळतात पण हळूहळू, हे लग्नाआधी किंवा कर्ज घेण्याआधी घरी स्पष्ट सांगा.

शरीराचंही बघा. सायकल स्टँडवर इतकी उंच लावा की वाकावं लागणार नाही. चेन धुण्याचं द्रावण उघड्या हाताने वापरू नका, खोलीत वारा खेळता ठेवा. माझ्या उजव्या मनगटाला पान्यामुळे कायमचं दुखणं लागलंय. हलका, हातात भरणारा पाना पहिल्यापासून वापरला असता तर कदाचित टळलं असतं.

बहिणीने शर्यती थांबवल्या, आता ती लहान मुलींना शिकवते आणि त्यांच्या सायकली माझ्याकडे पाठवते. बायकोच्या सायकलचं ते मागचं चाक मी तेव्हाच नव्या स्पोकवर पुन्हा बांधलं होतं. हब अजून तेच आहे, रिम मात्र ब्रेकने झिजून दोनदा बदललं. आता तिसऱ्यांदा नवं आणलंय. या रविवारी शर्यत नाही. मुलगी नऊ वर्षांची झाली आहे आणि स्पोक हबमध्ये ओवायचं काम तिने मागून घेतलंय. मी लांब्या मोजून स्पोक दोन डब्यांत वेगळे ठेवलेत, उजवीकडचे २९० मिमी, डावीकडचे २९२. डब्यांवर चिठ्ठ्या तिनेच चिकटवल्यात.