टियरड्रॉप ट्रेलरचा ॲक्सल पक्का करायच्या आधी एकदा काट्यावर घ्या

इकडे अमेरिकेत घरच्या गॅरेजमधे टियरड्रॉप (गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर) बांधणारे बरेच जण प्लायवूडच्या 4 बाय 8 फुटी शीटवरूनच माप ठरवतात, ते ठीकच आहे, कापाकापी वाचते. पण ॲक्सलची जागा रिकाम्या फ्रेमवर बघून ठरवू नका. याचं किचन मागच्या झाकणाखाली असतं, म्हणजे स्टोव्ह, कूलर, भांडी सगळा पसारा चाकांच्या मागे, वर 5 गॅलन पाण्याचा कॅन ठेवला की तो एकटाच 40 पाउंडाच्या वर जातो, आणि शेपूट जड झालं की हायवेवर ट्रेलर असा डुलायला लागतो की गाडी चालवणाऱ्याला घाम फुटतो.

एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या सांध्यावर हवा. 1000 पाउंडाचा ट्रेलर असेल तर 100 ते 150. म्हणून स्प्रिंगचे हँगर (ॲक्सलच्या स्प्रिंगा फ्रेमला धरणारे कंस) आधी नुसते क्लँप करा, सामान जिथे येणार तिथे तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि कपलरखाली (ट्रेलरचं पुढचं टोक, जे गाडीच्या हिच बॉलवर बसतं) बाथरूमचा वजनकाटा, त्यावर लाकडाचा उभा तुकडा, उंची हिच बॉलएवढीच. पुढचा जॅक पूर्ण वर घ्यायचा हां! मी तो टेकलेलाच ठेवला होता आणि काट्यावर 30 पाउंड बघून तासभर डोकं खाजवत बसलो.

भार कमी भरला तर ॲक्सल थोडा मागे सरकवा. बांधून झालेला असेल तर बॅटरी पुढच्या दांड्यावर न्या, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.