ए प्लसची तयारी: बिघाडापासून सुरुवात करा

कॉम्पटिआ या संस्थेचं ए प्लस हे संगणक दुरुस्ती आणि तांत्रिक मदतीच्या कामाचं सुरुवातीच्या पातळीचं प्रमाणपत्र आहे. त्यासाठी दोन पेपर द्यावे लागतात, कोअर १ आणि कोअर २. मार्च २०२५ पासून त्यांचे क्रमांक २२०-१२०१ आणि २२०-१२०२ आहेत. ११०१ आणि ११०२ ही आधीची जोडी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली, पण तिची पुस्तकं आणि सराव-प्रश्नसंच अजून सर्रास फिरताहेत. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी मुखपृष्ठावरचा आकडा बघा. अभ्यासक्रमाची अधिकृत पीडीएफ कॉम्पटिआच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती छापून जवळ ठेवा आणि झालेल्या मुद्द्यांवर खूण करत जा.

प्रत्येक पेपरला ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. गुण १०० ते ९०० या पट्टीवर दिले जातात. उत्तीर्ण व्हायला कोअर १ मध्ये ६७५ आणि कोअर २ मध्ये ७०० लागतात. ही टक्केवारी नव्हे, त्यामुळे ‘इतके प्रश्न बरोबर आले की झालं’ असा हिशेब मांडत बसू नका.

कोअर १ मध्ये हार्डवेअरला २५ टक्के आणि हार्डवेअर-नेटवर्कमधले बिघाड शोधण्याला २८ टक्के भार आहे. निम्म्याहून जास्त पेपर इथेच संपतो. तरी बहुतेक नवखे आधी पिना, वेग आणि क्षमता यांची कोष्टकं पाठ करतात आणि बिघाडांचा भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. क्रम उलटा करा. लक्षणावरून कारणाकडे जायची सवय लागली की कोष्टकातले निम्मे आकडे आपोआप डोक्यात बसतात.

त्यासाठी एक जुना, चालू स्थितीतला डेस्कटॉप हवा. दर वेळी मशीन बंद करून प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, केसच्या धातूला हात लावा आणि फक्त एकच गोष्ट बदला. सगळी रॅम काढून सुरू केलं तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी राहते आणि स्पीकर जोडलेला असेल तर बीप येतात. रॅम परत बसवून प्रोसेसरजवळची ८ पिनांची पॉवर केबल काढली, तरी पंखे बहुधा फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. लक्षण जवळपास तेच, कारण वेगळं. परीक्षेतले पर्याय नेमके अशाच जोड्यांतून निवडलेले असतात. डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा डेटा केबल काढली तर बायोस (मशीन सुरू होताच चालणारा मूळ प्रोग्राम) व्यवस्थित उघडतं, पण बूट डिव्हाइस सापडत नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल काढून ठेवला की तारीख-वेळ मागे जाते. प्रत्येक लक्षण वहीत लिहून ठेवा.

रॅम परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकं समान दाबा. खटका लागल्याचा आवाज आला नाही तर ती बसलेली नाही. प्रोसेसरची ८ पिनांची केबल ४ अधिक ४ असते, ग्राफिक्स कार्डची ६ अधिक २. पिनांचे आकार वेगळे असतात, त्यामुळे जोर लावावा लागत असेल तर केबल चुकीची आहे. पॉवर सप्लाय मात्र कधीच उघडू नका. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही चार्ज धरून ठेवतात.

लेझर प्रिंटरला नाक मुरडणारे इथे हमखास गुण घालवतात. प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोजिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूजिंग, क्लीनिंग हे सात टप्पे नुसते घोकण्यापेक्षा प्रत्येकाला एक खराब कागद जोडा. बोट फिरवलं की छपाई पुसली जाते? फ्यूझर, म्हणजे टोनर उष्णतेने कागदावर पक्का करणारा भाग, पुरेसा तापत नाही. आधीची आकृती पुसट होऊन पुन्हा उमटते? ड्रम, म्हणजे ज्यावर आधी आकृती उमटते तो फिरता दंडगोल, नीट साफ होत नाही. कोरा कागद आला तर छपाई अर्ध्यात थांबवून ड्रम बघा. त्यावर अक्षरं उमटलेली असतील तर दोष ट्रान्सफरच्या टप्प्यात आहे.

नेटवर्कमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला की डीएचसीपीकडून (मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मिळालेला नाही, एवढं पक्कं असू द्या. आयपीने पिंग होतं (म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं) पण नावाने साइट उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणारी सेवा, तपासा. प्रत्येक नेटवर्क सेवेचा ठरलेला पोर्ट क्रमांक मात्र पाठच करावा लागतो, तिथे पळवाट नाही: एसएसएच (सुरक्षित रिमोट कमांड) २२, डीएनएस ५३, एसएमबी (फाइल शेअरिंग) ४४५, आरडीपी (रिमोट डेस्कटॉप) ३३८९ आणि अभ्यासक्रमातले बाकीचे.

कोअर २ मध्ये क्रमाला महत्त्व आहे. मालवेअरचा प्रश्न घ्या. लक्षणांची खात्री झाली की आधी मशीन नेटवर्कपासून तोडायचं, मग सिस्टीम रिस्टोअर (विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारी सोय) बंद करायचं आणि त्यानंतर सफाई करायची. रिस्टोअर चालू ठेवलं तर जुन्या रिस्टोअर पॉइंटमधून संसर्ग परत येऊ शकतो. सफाईनंतर ते पुन्हा चालू करून नवा पॉइंट बनवायचा आणि वापरणाऱ्याला समजावून सांगायचं सगळ्यात शेवटी. चारही पर्याय योग्य कृतींचे असू शकतात. प्रश्नात ‘फर्स्ट’ लिहिलंय की ‘नेक्स्ट’, यावर उत्तर ठरतं. हे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, तरी घाईत सुटतात.

पेपरच्या सुरुवातीलाच सहसा प्रात्यक्षिक स्वरूपाचे प्रश्न येतात: केबल योग्य जागी ओढा, राउटरची सेटिंग भरा वगैरे. त्यांना खूण करून पुढे जा, आधी बहुपर्यायी प्रश्न संपवा आणि मग मागे या. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

फुटलेल्या प्रश्नांचे म्हणून विकले जाणारे ‘डंप’ घेऊ नका. ते वापरणं परीक्षेच्या कराराविरुद्ध आहे आणि मिळालेलं प्रमाणपत्रही रद्द होऊ शकतं. नापास झालात तर दुसऱ्या प्रयत्नासाठी थांबावं लागत नाही, तिसऱ्याआधी मात्र १४ दिवस जावे लागतात. दर वेळी पूर्ण फी पडते. म्हणून लगेच तारीख घेऊ नका. गुणपत्रिकेत चुकलेल्या प्रश्नांचे मुद्दे अभ्यासक्रमाच्या क्रमांकांसह दिलेले असतात. ते छापलेल्या पीडीएफशी ताडून पाहा आणि ते विषय हाताळून झाल्यावरच पैसे भरा.