लिनक्सवर मराठी फॉन्ट कसे बसवायचे? एका लग्नपत्रिकेच्या निमित्तानं

सांगलीहून भाचीचा फोन. "मामा, पत्रिकेची फाइल उघडली तर नवरदेवाचं आडनाव खालच्या ओळीत घसरलंय. दुकानात तर बरोबर दिसत होतं." तिच्या जुन्या लॅपटॉपवर मीच लिनक्स मिंट घालून दिलेलं, त्यामुळं निस्तरणंही माझ्याकडंच.

मी म्हटलं, त्या आडनावावर क्लिक कर आणि वर फॉन्टच्या चौकटीत बघ. तिथं 'मुक्ता' लिहिलं होतं, पण तिरक्या अक्षरात. लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडली होती त्यात, नाव तिरकं दिसलं की समजायचं, हा फॉन्ट मशीनवर नाही, दुसराच वापरून वेळ मारून नेलीय. त्या दुसऱ्याची अक्षरं थोडी रुंद, म्हणून आडनाव खाली आलं.

फॉन्ट बसवायला दोन मिनिटं लागतात. आधी मशीनवर मराठीचे कोणते फॉन्ट आहेत ते बघा. टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडा आणि कमांड टाइप करा. भाचीला फोनवर सांगितली तशीच सांगतो, तुम्ही ती इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत लिहा: एफसी, आडवी रेघ, लिस्ट, मग जागा सोडून अपूर्णविराम, लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर. अपूर्णविरामानंतर जागा सोडायची नाही. यादी रिकामी आली तर उबुंटू, डेबियन किंवा मिंट या लिनक्सच्या प्रकारांवर सॉफ्टवेअरच्या दुकानातून 'फॉन्ट्स-नोटो-कोअर' हे पॅकेज घ्या. अक्षरांऐवजी जे चौकोन दिसतात त्यांना 'टोफू' म्हणतात. ते दिसू नयेत म्हणून गूगलनं केलेल्या फॉन्टांचं नाव 'नोटो', म्हणजे 'नो टोफू'.

मुक्तासारखा ठरावीक फॉन्ट हवा असेल तर तो गूगल फॉन्ट्सवरून फुकट उतरवता येतो. येते ती झिप फाइल. ती आधी सोडवून घ्या. झिपच्या आतूनच फॉन्टवर क्लिक करत बसू नका. आत टीटीएफ किंवा ओटीएफ फाइली असतात. एकीवर दोनदा क्लिक केलं की नमुना दिसतो आणि 'इन्स्टॉल'चं बटण येतं. झालं.

पण मुक्ताच्या जाडीप्रमाणे सात फाइली. सात वेळा बटण दाबण्यापेक्षा फोल्डरचा रस्ता धरा. होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबा, लपलेली फोल्डरं दिसू लागतील. 'लोकल' नावाचं, सुरुवातीला टिंब असलेलं फोल्डर उघडा, त्यात 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स'. हे शेवटचं नसेल तर लहान अक्षरांत तयार करा. सगळ्या फाइली त्यात टाका. मग फॉन्टांची यादी ताजी करायला टर्मिनलमध्ये लिहा: एफसी, आडवी रेघ, कॅश (स्पेलिंग सी-ए-सी-एच-ई), जागा सोडून आडवी रेघ, एफ. लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. हे विसरून "फॉन्ट दिसत नाही" म्हणणारे मला बरेच भेटलेत.

मशीनवरच्या सगळ्यांसाठी फॉन्ट हवा असेल तर तो 'यूएसआर'मधल्या 'लोकल', 'शेअर', 'फॉन्ट्स' या फोल्डरात जातो, आणि त्याला सुडो, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचे ('रूट'चे) अधिकार वापरणारी कमांड, लागतं. मी एकदा असंच केलं आणि फाइली फक्त रूटलाच वाचता येतील अशा परवानगीनं पडल्या. कुणाच्याच यादीत फॉन्ट येईना. अर्धा दिवस त्यात गेला. एकट्याचं मशीन असेल तर घरच्या फोल्डरातच ठेवा.

आता खरी गंमत. आडनाव जागेवर आलं, तर भाची म्हणाली, "हा ल हिंदी पुस्तकातल्यासारखा का दिसतोय?" आपला ल पाकळीचा, श देठाचा. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा बघून फॉन्ट वळण ठरवतो. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडा, 'फॉरमॅट'मधून 'कॅरेक्टर' उघडा आणि भाषा मराठी करा. मराठीचा फॉन्ट आणि भाषा तिथं इंग्रजीपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात; इंग्रजीच्या रकान्यात बदल करून काही होत नाही. मग 'सांगली', 'विश्रामबाग', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' एवढं टाइप करून बघा. 'वाऱ्यावर'मधला अर्धा र नीट वळला तर फॉन्ट मराठीच्या कामाचा.

छापखान्याकडून आलेल्या जुन्या फाइलीत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसला, तर तो मजकूर युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीतला, नाही. शिवाजी, श्री-लिपी अशा जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. नोटो, मुक्ता कितीही बसवा, उपयोग नाही. तोच जुना फॉन्ट बसवला तर वाचता येईल, पण पुढं वापरायचं असेल तर कन्व्हर्टरनं मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यानंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, विशेषतः नावांतली.

पत्रिका परत दुकानात पाठवताना मूळ फाइल देऊ नका, लिब्रेऑफिसमधून पीडीएफ करा. त्यात फॉन्ट आतच भरला जातो. पीडीएफ उघडून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉन्ट्स' बघितलं की मुक्ताच्या नावाखाली तो आत भरल्याची नोंद दिसते. भाचीनं ती बघूनच मेल पाठवली.