लेंत लागण्याआधी घर आणि मन मोकळं कसं करावं

लेंत म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, तो राखेच्या बुधवारी लागतो. हा बुधवार बहुतेक वेळा फेब्रुवारीत येतो, फार तर मार्चच्या पहिल्या दहा दिवसांत. नागपूरकरांना आवराआवरीसाठी याहून बरे दिवस नाहीत. थंडी ओसरलेली असते आणि कूलर अजून काढायचे असतात. एप्रिल लागला की माळ्यावर दहा मिनिटंही बसवत नाही. मे महिन्यात तर पारा 45 अंशांपर्यंत जातो. म्हणून राखेच्या बुधवारच्या आधीचा आठवडा धरा आणि रोज एकच जागा उघडा. एखादं कपाट, एखादी पेटी, पलंगाखालचा एखादा कप्पा. एका दिवसात सगळं घर काढायला गेलात तर संध्याकाळी थकून सगळं जसंच्या तसं आत कोंबाल.

हात लावण्याआधी पवित्र शास्त्रातलं इब्री 12:1 वाचा. धावणाऱ्याने दोन गोष्टी टाकाव्यात असं तिथे म्हटलंय: भार आणि पाप. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला फार उशिरा कळलं. आईने दिलेले बारा पितळी डबे हे काही पाप नाही. पण ते चिंचेने घासण्यात दर शनिवारची दुपार जात असेल, तर तो भार आहेच. मी दोन ठेवले, बाकीचे भाचीच्या नव्या संसारात गेले.

आता समोर दोन ढीग करा, ठेवायचं आणि द्यायचं. थोड्याच वेळात तिसरा ढीग आपोआप तयार होतो. एखादी वस्तू उचलली की हात थांबतो, ठेवताही येत नाही आणि देताही येत नाही. ती वस्तू बाजूला ठेवा. मन कुठे अडकलंय, ते हाच ढीग सांगतो.

माझ्या तिसऱ्या ढिगात साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी होती. आत वडिलांच्या घराच्या वाटणीचे कागद: पावत्या, झेरॉक्स आणि धाकट्या भावाने पाठवलेली एक चिठ्ठी. टाचणीला गंज चढला होता आणि तिचा तांबूस डाग खालच्या तीन कागदांवर उतरला होता. वाटणी होऊन अकरा वर्षं झाली होती. त्या कागदांचं कुणालाच काम नव्हतं, काम होतं फक्त माझ्या रागाला. मत्तय 5:23-24 मध्ये प्रभू सांगतो, अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. मी फोन लावला. भाऊ घाबरून म्हणाला, "काय झालं ताई? तब्येत बरी आहे ना?" इतक्या वर्षांत माझा फोन आजारपणाशिवाय गेलाच नव्हता. मला रडू आलं. कागद त्याच संध्याकाळी फाडले.

तुमच्या ढिगातही असं काही निघालं, तर कबाड्याला बोलावण्याआधी तो एक फोन करा.

गेलेल्या माणसाच्या वस्तूंची मात्र घाई करू नका. प्रेषितांची कृत्ये 9:39 मध्ये दुर्कस नावाची बाई वारल्यावर विधवा रडत प्रेषित पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवतात. पेत्र त्यांना गप्प बसवत नाही. "किती दिवस सांभाळणार?" असं कुणी म्हणालं, तर त्याला हे वचन दाखवा. एखादी वस्तू ठेवा, बाकीच्यांना वेळ द्या.

द्यायच्या ढिगाबद्दल माझं मत कडक आहे. गुंड्या लावलेला, धुतलेला, स्वतः घालून बाहेर जाता येईल असाच कपडा द्या. लूक 3:11 मध्ये दोन अंगरख्यांपैकी एक द्यायला सांगितलंय, फाटका द्यायला नाही. चर्चच्या महिला संघाकडे गाठोडं पाठवण्याआधी पाळकांना विचारा, नेमकी गरज कशाची आहे. ब्लँकेट "थंडीत देऊ" म्हणून ठेवू नका. नोव्हेंबरपर्यंत मन बदलतं. रद्दी, लोखंड, बंद पडलेली मोटर सरळ कबाड्याला.

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आणलेल्या, तसबिरीमागे वाळलेल्या झावळ्या कचऱ्यात टाकू नका. राखेच्या बुधवारची राख अशाच जुन्या झावळ्यांची करतात, तेव्हा आधीच चर्चमध्ये नेऊन द्या. जीर्ण झालेलं पवित्र शास्त्र रद्दीत घालू नका, अंगणात आदराने पुरा. पहिल्या पानावर घरातल्यांच्या जन्माच्या, बाप्तिस्म्याच्या तारखा असतील, तर ते पान जपून ठेवा.

मनाची आवराआवर कागदावर करा. तान्ह्या पोळ्याला आपलं गाव मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक काढून "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत नको ते शिवेबाहेर काढतं, त्यामुळे बाहेर काढणं नागपूरकराला शिकवावं लागत नाही. पण आपली यादी आपल्याच नावापासून सुरू व्हायला हवी. कुणाबद्दल अढी आहे, कुणाचं बोलणं अजून सलतं, कोणतं खोटं आपण सांभाळतोय, ते लिहा. कॅथलिक असाल तर ही यादी मनात घेऊन प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला, जा. नसाल तर याकोब 5:16 प्रमाणे एका विश्वासू माणसाजवळ बोला. एकच पुरे, सगळ्या मंडळीसमोर नको. कुणाकडून येणं असलेले आणि आता येणार नाहीत हे ठाऊक असलेले पैसेही याच कागदावर लिहून सोडून द्या. फोनमधले वचनं पाठवणारे ग्रुपही मोजा. माझे चौदा होते, आणि सकाळी सगळी वचनं सरकवता सरकवता एकही वाचून होत नव्हतं. दोन ठेवले.

शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. लूक 11:24-26 मध्ये झाडून-सजवून ठेवलेल्या घरात आधी निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो, कारण तिथे राहणारं दुसरं कुणी नसतं. म्हणून रिकाम्या झालेल्या जागेत काय येणार, ते त्याच दिवशी ठरवा. ती पिशवी होती त्या कप्प्यात मी पवित्र शास्त्र आणि चष्मा ठेवला, खाली एक खुर्ची ओढली. पहाटे साडेपाचला, दूधवाला येण्याआधी, मी तिथे बसते. भावाचं नाव आता प्रार्थनेत रोज असतं.