गिऱ्हाईक नको म्हणतं, मदत घेणारा म्हणत नाही

जाहिरातीच्या धंद्यातला माणूस समाजकार्यात उतरला की त्याला आधी नाव, लोगो आणि फ्लेक्स सुचतो. बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्लीतल्या दुकानांसाठी मी बरीच वर्षं हेच केलं. साडीचे सेल, सराफांच्या मुहूर्ताच्या जाहिराती, क्लासवाल्यांची पत्रकं, पुढे फेसबुक-इन्स्टा. आता धंदा पुतण्या बघतो आणि मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांमधल्या पोरांसाठी एक छोटा निधी चालवतो. याच वाटेने येऊ पाहणारे विचारत असतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बाजारात माल पटला नाही की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. जाहिरात चालली की नाही, ते गल्ला सांगतो. फुकट दिलेलं मात्र कुणी परत करत नाही. घरात तिसरं दप्तर आलं तरी आई हात जोडून घेतेच. म्हणजे आपलं काही चुकत असेल तर ते सांगणारं कुणी उरत नाही, आणि फोटोत सगळे हसतच असतात.

शाळा उघडायच्या दिवसांत बघा. मंडळं, क्लब, पतसंस्था, निवडणुकीला उभे राहू इच्छिणारे, सगळे वह्याच वाटतात. सरकारी शाळेत पाठ्यपुस्तकं आणि गणवेश सरकार देतंच. पण जंगलाकडच्या गावातून कॉलेजला येणारा मुलगा अडतो बसच्या पासावर. कर्नाटक सरकारच्या ‘शक्ती’ योजनेमुळे जून २०२३ पासून बायका-मुलींना राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, पोरांना आहे. पास सवलतीत मिळतो, पण पैसे एकदम भरायचे, तेही भातलावणीच्या तोंडावर, जेव्हा घरातला रुपया बी-खतात गेलेला असतो. हे मला शाळेच्या कट्ट्यावर बसलेल्या आयांनी सांगितलं. तेही ‘काय पाहिजे?’ असं विचारून कळलं नाही. त्याला उत्तर एकच, ‘तुम्ही द्याल ते.’ त्याऐवजी विचारा, गेल्या दोन महिन्यांत उसने पैसे कशासाठी घेतले? मग खरी यादी निघते.

त्या यादीत मला सर्वांत जास्त सापडली ती कागदपत्रं. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे इथली दहावी, झालेलं पोर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेलं की अभ्यास एकदम इंग्रजीत आणि कचेरीचे कागद कन्नडमध्ये. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. तो नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, काढायचा आणि त्यावरचा आरडी नंबर अर्जात भरायचा. मार्कलिस्टवर ‘ज्योतिबा’ आणि आधारवर ‘जोतिबा’ असेल तर अर्ज तिथेच अडकतो. मंजूर झाला तरी पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं कधी काळी भलत्याच बँकेत उघडलेलं, पासबुक हरवलेलं. आम्ही मराठी-कन्नड दोन्ही लिहिता-वाचता येणाऱ्या, बी.कॉम. झालेल्या एका मुलीला मानधन देतो. ती बाजाराच्या दिवशी लॅपटॉप घेऊन बसते. पोरं प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात, ती एकेक काढून ओळीने लावते आणि अर्ज भरायच्या आधी प्रत्येक कागदावरचं नाव मोठ्यानं वाचते. निम्मी भानगड तिथंच सापडते. मुलीच्या मानधनात वह्यांचे चार गठ्ठे येतील, पण मला विचाराल तर या भागात याच्याइतका कामाला येणारा खर्च दुसरा नाही. फोटोला मात्र अगदीच निरुपयोगी.

कन्नड अर्ज भरून देता, मग मराठीचं काय, असंही कुणीतरी ऐकवतं. बाणा बाण्याच्या जागी, पोराची फी फीच्या जागी. सीमाभागात राहायचं तर दोन्ही सांभाळावं लागतं. फलक लावणार असाल तर कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर त्यावर ६० टक्के कन्नड लागतं, हे रंगाऱ्याला सांगायच्या आधी लक्षात घ्या. मी फलकच लावत नाही.

जाहिरातीचं कसब वाया जात नाही, फक्त त्याची दिशा बदलते. ते देणगीदारासाठी वापरावं. सीएसआरची, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकार्याला देण्याची, सक्ती ५०० कोटींचं नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा यातलं काही असलेल्या कंपनीला. उद्यमबागेतल्या बहुतेक फाउंड्रीवाल्यांचा यात नंबर लागत नाही. त्यांच्यापुढे वीस पानांचं प्रेझेंटेशन ठेवलंत तर चहा पाजून वाटेला लावतील. ‘शेठ, दहा पोरांचे पास, इतके रुपये’ एवढं बोला. काम झालं की दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. त्यात पोरांची नावं नकोत, चेहरे तर नकोतच, कारण त्या पोराला उद्या त्याच वर्गात बसायचं असतं.

संस्थेची घाई करू नका. या शहरात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. शाळा, तालमी, मंडळं आहेत. पहिलं वर्ष त्यांपैकी कुणाच्या तरी आडोशानं काम करा. सोसायटी काढायची झालीच तर १९६० च्या कर्नाटक कायद्याप्रमाणे किमान सात सभासद लागतात, आणि बैठकीला खरोखर येणारे सात जण मिळवणं नोंदणीपेक्षा अवघड. ‘८०जी आहे का?’, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळेल का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून येईल. नवी करप्रणाली घेतलेल्याला ती वजावट मिळतच नाही, आणि जुनीतही २००० रुपयांवरची रोख देणगी धरत नाहीत. टिळकवाडीतले पेन्शनर पाकिटात घालून नोटाच आणून देतात. त्यांना हे आधीच सांगा, चेक घ्या, आणि शंभर रुपये दिले तरी नंबर घातलेली छापील पावती हातात द्या.