कापसाच्या घरात व्हॅक्यूम क्लीनर: वापरायचा कसा, जपायचा कसा

हिंगणघाट तालुक्यात माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, कुलर, मिक्सर ही रोजची कामं. अलीकडे व्हॅक्यूम क्लीनरही येतात. नागपूर-पुण्यात नोकरीला असलेली मुलं नवीन मशीन घेतात अन् जुनं गावी आई-बाबांकडे पाठवून देतात. दुकानात येणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये मोटर धडधाकट असते. बॅग ठासून भरलेली असते, नळीत रुईचा बोळा अडकलेला असतो, अन् कसं वापरायचं ते कोणी दाखवलेलंच नसतं.

खरं तर दाखवणं हा या धंद्याचा पायाच होता. आपल्याकडे ज्या कंपनीमुळे हे मशीन घराघरात माहीत झालं ती युरेका फोर्ब्स. 1982 साली टाटा समूहातली फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून ती काढली. यातली फोर्ब्स मुंबईतली, 1767 पासूनची. इलेक्ट्रोलक्स 1919 ची, अ‍ॅक्सेल वेनर-ग्रेन यांची. 1921 मध्ये त्यांनी जमिनीवर आडवं ठेवून मागे ओढत न्यायचं, लांब नळीचं मशीन बाजारात आणलं. तुमच्या घरी आलेलं आडव्या डब्याचं मशीन त्याच घडणीचं आहे. वस्तू घरी नेऊन चालवून दाखवायची आणि मग विकायची, ही त्यांची पद्धत होती. युरेका फोर्ब्सनं तीच भारतात आणली. ज्या देशात घरोघर झाडू आहे तिथे हे मशीन दुकानातल्या फळीवर ठेवून खपलं नसतं. म्हणून टाय लावलेले सेल्समन युरोक्लीन हे कंपनीचं व्हॅक्यूम क्लीनर घेऊन शहरांतल्या घरांत गेले, सतरंजीवर अन् गादीवर चालवून दाखवलं, बॅग कशी काढायची ते समजावलं. 1984 पासून याच वाटेनं पाणी शुद्ध करणारं अ‍ॅक्वागार्डही आलं. पुढे कंपनी शापूरजी पालनजी समूहाकडे गेली आणि 2022 मध्ये अ‍ॅडव्हेंट या परदेशी गुंतवणूकदाराकडे. मला त्या सेल्समन लोकांबद्दल मनापासून आदर आहे. मशीन विकताना ते वापरायची अक्कलही सोबत देत होते. आता जुनी मशीनं गावात येताहेत, पण ती माणसं सोबत येत नाहीत. म्हणून जे ते दाखवत, ते मी आपल्या घरांच्या हिशेबानं इथे सांगतो.

आधी मशीन उलटं करून पाटी वाचा. तिच्यावर व्होल्ट, वॅट आणि मॉडेल लिहिलेलं असतं. ‘वेट अँड ड्राय’ असं कुठे लिहिलेलं नसेल, तर ते फक्त कोरड्या कचऱ्याचं मशीन समजा. त्यानं सांडलेलं पाणी ओढू नका. हवेसोबत पाणी सरळ मोटरमध्ये जातं, आर्मेचर (मोटरचा तार गुंडाळलेला फिरणारा भाग) जळतं, अन् ते भरायच्या खर्चात कधीकधी दुसरं जुनं मशीन येतं.

वीज फार खात नाही. 1000 वॅटचं मशीन पंधरा मिनिटं चालवलं तर पाव युनिट. पण एका वेळी साडेचार अँपिअरच्या आसपास करंट ओढतं, म्हणून ढिल्या सॉकेटमध्ये लावू नका. पिन गरम होऊन बोर्ड वितळलेला मी नेहमी पाहतो. बारीक वायरचं एक्स्टेंशन गुंडाळून ठेवलेलं असेल तर पूर्ण उलगडा. संध्याकाळी लाईन डिम असते तेव्हा ओढ निम्म्यावर येते, म्हणून हे काम सकाळी उरका. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर चालवायच्या भानगडीत पडू नका. मशीनची वायर आपोआप आत गुंडाळणारी असेल तर तिच्यावर पिवळी खूण असते, तिथपर्यंत ओढा. लाल खूण दिसली की थांबा, त्यापुढे ओढलं तर आतला जोड तुटतो.

आता मुख्य गोष्ट, हवा. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, बैलबंडीतला कापूस मोठ्या पाइपनं ओढून घेतात ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हे मशीन म्हणजे त्याचीच लहान आवृत्ती. पंखा हवा मागे फेकतो, त्यामुळे नळीच्या तोंडाशी हवा आत शिरते अन् सोबत कचरा आणते. बॅग कचरा अडवते, हवा पुढे जाते. कोरड्या मशीनमध्ये तीच हवा मोटरला थंड करत बाहेर पडते. म्हणजे बॅग जाम झाली की दोन नुकसानं: कचरा ओढला जात नाही, अन् मोटर तापते.

हे कानानं ओळखता येतं. मशीन चालू करून नळीच्या तोंडावर क्षणभर तळहात ठेवा. आवाज एकदम चढेल, बारीक होईल. लोकांना वाटतं मोटरवर लोड आला. प्रत्यक्षात उलटं आहे. पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, लोड उतरतो, म्हणून मोटर जोरात फिरते. झाडताना हात न लावता असा बारीक आवाज येऊ लागला तर कुठेतरी अडलं आहे. मशीन बंद करा. नळी काढा, पुन्हा चालू करून मशीनच्या तोंडाशी तळहात न्या. ओढ जोरात असेल तर दोष नळीत. ओढ नसेल तर बॅग किंवा फिल्टर.

नळीतला बोळा बहुधा वाकणाजवळ असतो: रुई, केस, अन् त्यात आडवी अडकलेली एखादी काडी. लोखंडी सळाख घालू नका, नळीला भोक पडतं आणि ओढ कायमची जाते. जुन्या बऱ्याच मशीनला मागच्या बाजूनंही नळी बसते. तिथे लावून अंगणात हवा मारा, बोळा बाहेर पडतो. हवा मारायच्या याच बाजूनं कुलरच्या जाळ्या आणि टीव्हीमागची धूळही निघते.

कापसाच्या खोलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे या मशीनचा खरा उपयोग तिथेच आहे. भाव चढायची वाट पाहत महिनोन्‌महिने कापूस घरात साठवला जातो. लेकरांच्या अंगाला खाज सुटते, खोकला लागतो. कापूस गेल्यावर फड्यानं झाडलं की बारीक तूस वर उडते अन् तासाभरात पुन्हा गादीवर बसते. मशीननं ती अडते.

पण कापूस खोलीत असताना मशीन चालवू नका. मोटरच्या कार्बनजवळ (आर्मेचरला घासणाऱ्या तुकड्यांजवळ) ठिणग्या होतात, त्या दिसत नसल्या तरी असतात, आणि मागून निघणारी गरम हवा तूस उडवते. कापसाला आग धरायला वेळ लागत नाही. खोली रिकामी झाल्यावर आधी सरकी, पत्ती, काड्या हातानं अन् फड्यानं गोळा करा. मग मशीन दाराबाहेर ठेवा, फक्त नळी आत न्या. वरून खाली या: आडे, भिंतीचे कोपरे, खिडकीच्या पट्ट्या, शेवटी फरशी. बॅग अर्धी भरली की रिकामी करा, पूर्ण भरायची वाट पाहू नका. कापसाची तूस बॅगेच्या आतल्या बाजूला जाड पापुद्रा धरते. नुसतं झटकून तो निघत नाही. बॅग उलटी करून एका टोकानं नखानं उचलला की सबंध थर एकसंध सोलून येतो, अन् खालचं कापड पुन्हा श्वास घेऊ लागतं. हे काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला दुपट्टा बांधून करा. बॅग धुतली तर पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. ओल्या कापडावर काळ्या मातीची धूळ चिखलासारखी बसते.

गादी साफ झाली का हे पाहायचं असेल तर पाइप अन् ब्रश यांच्यामध्ये जुन्या पांढऱ्या धोतराचा पातळ तुकडा घट्ट बसवा आणि गादीच्या एकाच भागावर थोडा वेळ फिरवा. कापडावर करडा गोल उमटतो. नवा तुकडा लावून पुन्हा फिरवा. डाग फिका होईपर्यंत तो भाग सोडू नका.

सारवलेल्या जमिनीवर मशीन फिरवू नका, पोपडे निघतात. तिथे फडाच चांगला. चुलीची राख गार वाटली तरी ओढू नका, आत निखारा असतो. जिथे फवारणीची औषधं किंवा औषध लावलेलं बियाणं ठेवलं होतं ती जागा ओल्या फडक्यानंच पुसा. विषारी भुकटी इतकी बारीक असते की बॅगेतून निसटून हवेसोबत घरभर पसरते.

मशीन अडखळत सुरू होत असेल, ठोकलं की चालत असेल किंवा जळका वास येत असेल, तर कार्बन झिजले असण्याची शक्यता मोठी. हे दोन छोटे चौकोनी तुकडे आर्मेचरला घासत असतात, झिजणं हे त्यांचं कामच आहे. एकच बदलू नका, जोडी बदला. बाजारात जाताना जुने कार्बन सोबत न्या. जाडी-रुंदी थोडीही चुकली तर ते खाचेत अडकतात. नवीन बसवल्यावर काही मिनिटं नळी न लावता चालवा, म्हणजे त्यांना नीट बसायला वेळ मिळतो.

पावसाळ्यात मशीन लागत नसेल तर बॅग रिकामी करून, नळी काढून, उंच फळीवर ठेवा. नळी आढ्याला टांगा. खाली ठेवली की उंदीर कुरतडतात, आणि जुन्या मॉडेलची नळी मापाची मिळवायला मलाही नागपूरला माणूस पाठवावा लागतो.